दिव्याखालची राख

(राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी येथील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'कोळसा' असे एका शब्दात सांगितले. क्षणभर दूरध्वनीवर शांतता पसरली. मग एका कार्यकर्त्याने अदबीने विचारले, "पण आपल्या तालुक्यात कोळशाची खाण कुठे आहे?" प्रश्न रास्त होता. बालाघाटाच्या या डोंगरकुशीत काळी माती आहे, काळा पाषाण आहे, पण कोळसा नाही. तरीही तो या गावात रोज येतो. समोरच्या दिव्यांत तो आहे, माझ्या हातातल्या ध्वनिक्षेपकात आहे, तुमच्या विहिरीवरच्या मोटारीत आहे आणि घरातल्या गिरणीतही आहे. गंगाखेडच्या स्थानकावर उभे राहून परळीकडे जाणारी काळ्या मालाची गाडी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. ती कुठून येते, तिच्यातल्या मालाचे पुढे काय होते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत शिरलो आणि तिथेच केस पांढरे झाले. त्यामुळे आज मी फार क्लिष्ट शास्त्र सांगणार नाही. कागद-पेन्सिल घेऊन शाळकरी मुलालाही करता येईल, एवढाच हिशेब आपल्यापुढे मांडणार आहे.

गोदेच्या खोऱ्यातला कोळसा

सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी दक्षिणेकडची अनेक भूखंडे एकत्र होती. त्या महाभूमीला जगातील भूशास्त्रज्ञ 'गोंडवन' म्हणतात. मध्य भारतातील आपल्या गोंड बांधवांच्या भूमीवरूनच हे नाव जगभर गेले. त्या काळातील वनस्पती दलदलीत गाडल्या गेल्या, त्यांच्यावर थरांमागून थर चढत गेले आणि कोट्यवधी वर्षांच्या दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्गुस, वणी हा वर्धा नदीच्या खोऱ्यातील पट्टा म्हणजे महाराष्ट्राच्या कोळशाचे भांडारच. वरोऱ्याला 1870 च्या दशकातच खाण सुरू झाली होती. 1973 मध्ये देशातील बहुतेक कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, 1975 मध्ये कोल इंडियाची स्थापना झाली आणि आपल्याकडच्या खाणी आज नागपूरस्थित वेस्टर्न कोलफील्ड्सच्या अखत्यारीत आहेत.

आता भूगोल आठवा. वर्धा पुढे वैनगंगेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत येते. परळीच्या केंद्राला पाणी लागते तेही गोदेचेच. सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यातून ते उचलले जाते. म्हणजे आपला कोळसा गोदेच्या खोऱ्यातला आणि तो पेटवून वाफ करण्यासाठी लागणारे पाणीही गोदेचेच. ज्या नदीला आपण दक्षिणगंगा म्हणतो, तिनेच आपल्या घरात दिवा लावला आहे.

पण या कोळशात एक उणीव आहे. वनस्पती जिथे गाडल्या गेल्या तिथे नद्यांनी गाळ आणि वाळूही आणून टाकली. ती माती कोळशाच्या कणाकणांत मिसळून गेली. त्यामुळे भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, सामान्यतः तीस ते चाळीस टक्के. याचा अर्थ आपण जी मालगाडी पाहतो, तिच्यातील एक तृतीयांशाहून अधिक माल जळणारच नसतो. तो मातीचा अंश शेकडो किलोमीटर वाहून आणला जातो आणि शेवटी आपल्याच उशाशी राख होऊन पडतो.

खाणीच्या गावची कथा वेगळी सांगायला नको. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आज उघड्या खाणींतून निघतो. कोळशाच्या थरावरची सुपीक माती आणि खडक सुरुंग लावून काढायचा, बाजूला त्याचे डोंगर रचायचे, मग खालचा कोळसा उचलायचा. खाण विहिरींपेक्षा खोल जाते. तिच्यात झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसले जाते आणि आसपासच्या विहिरींचा तळ उघडा पडतो. पावसाळ्यात ढिगाऱ्यांची माती ओढ्या-नद्यांत उतरते. चंद्रपूरकरांची इरई नदी याची साक्ष देईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातील औद्योगिक परिसरांची प्रदूषणाच्या तीव्रतेनुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथे आले. आपल्या दिव्याची वात जिथे वळली जाते, ते हे ठिकाण.

एका युनिटचा हिशेब

परळीला औष्णिक केंद्र आले ते 1971 मध्ये. तीस मेगावॅटच्या छोट्या संचाने सुरुवात झाली. पुढे 1980, 1985 आणि 1987 मध्ये 210 मेगावॅटचे तीन संच आले. ते सर्व जुने संच आता इतिहासजमा झाले आहेत. 2007, 2010 आणि 2016 मधील प्रत्येकी 250 मेगावॅटचे तीन नवे संच आज तिथे आहेत. म्हणजे एकूण 750 मेगावॅट.

या केंद्राने मराठवाड्याला काय दिले, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. ज्यांनी मोटेचे पाणी शेताला दिले आहे आणि कंदिलाच्या काचा राखेने पुसल्या आहेत, असे काही वडीलधारे इथे बसले आहेत. विजेने बायकांच्या हातातले जाते सोडवले, मुलांना रात्रीचा अभ्यास दिला, हजारो घरांना रोजगार दिला. वैद्यनाथाच्या परळीची दुसरी ओळख या धुराड्यांनीच घडवली. लहानपणी रात्रीच्या एस.टी.तून परळी ओलांडताना दिव्यांनी लखलखलेले ते केंद्र दिसले की आम्हा मुलांना दिवाळी पाहिल्यासारखे वाटे. त्या झगमगाटाच्या पलीकडे कोणाच्या वाळत घातलेल्या धोतरावर काय पडते आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आता केंद्राच्या पोटात काय चालते ते पाहू. आलेला कोळसा प्रथम अवाढव्य गिरण्यांत पिठासारखा बारीक दळला जातो. ते काळे पीठ हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकले जाते. त्याच्या ज्वाळांनी पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोराने पाते फिरते आणि पात्याला जोडलेल्या यंत्रातून वीज निघते. वापरलेली वाफ पुन्हा थंड करावी लागते आणि त्यासाठीच मोठ्या प्रमाणावर पाणी खर्ची पडते. शीतकरण मनोऱ्यांवरून जो पांढरा ढग निघताना दिसतो, तो धूर नसून आपल्या बंधाऱ्यातले पाणी असते.

एका युनिट विजेला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो. आपण सातशे ग्रॅम धरू. त्यातून सुमारे पाव किलो राख उरते आणि जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाण्याचे म्हणाल, तर केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये जुन्या केंद्रांना घालून दिलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. ज्या घराचे बिल महिन्याला शंभर युनिटांचे येते, त्या घराच्या नावावर दरमहा सत्तर किलो कोळसा, पंचवीस किलो राख आणि साडेतीनशे लिटर पाणी लिहिलेले असते. बिलाच्या कागदावर यातले फक्त युनिट छापलेले असतात.

कोणी म्हणेल, आमच्या गावची वीज परळीचीच कशावरून? खरे आहे, सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. पण देशातील दर चार युनिटांपैकी सुमारे तीन युनिटे अजून कोळशातूनच येतात. तेव्हा परळी नसेल तर कोराडी असेल, चंद्रपूर असेल. कोणते तरी गाव आपल्यासाठी ती राख झेलत असतेच.

परळीचे तीनही संच पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला एक कोटी ऐंशी लाख युनिटे वीज तयार होईल. त्यासाठी बारा हजार टनांहून अधिक कोळसा हवा. एका मालगाडीत सुमारे चार हजार टन कोळसा मावतो. म्हणजे रोज तीन गाड्या. आणि राख? चार हजार टनांच्या आसपास. रोज तीन गाड्या येतात आणि एक गाडीभर राख मागे राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन, पुन्हा एक. ही राख पाण्यात कालवून नळांनी दादाहरी वडगाव परिसरातील तलावात सोडली जाते. तलाव वाळला की वारा सुटतो आणि उन्हाळ्यात ती उठते. टिप्पर-हायवांतून ताडपत्रीविना वाहिली गेली की रस्त्यावर सांडते. पिकांच्या पानांवर, पिण्याच्या पाण्याच्या रांजणावर, माणसांच्या छातीत ती बसते. तिचे बारीक कण नाकातल्या केसांना दाद देत नाहीत, ते थेट फुप्फुसात उतरतात.

बारा मिनिटांचे पाणी

आपण मराठवाड्याची माणसे. आपल्याला पाण्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही.

जुलै 2015 मध्ये परळीचे केंद्र बंद पडले. कोळसा संपला म्हणून नव्हे, तर पाणी संपले म्हणून. त्याआधी 2013 च्या दुष्काळातही तेच घडले होते. 2015 ला बंद पडलेले केंद्र पुन्हा सुरू झाले ते 2016 च्या पावसानंतर. मधल्या काळात, एप्रिल 2016 मध्ये, आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी आली, तेव्हा दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या रेल्वेने आयुष्यभर कोळसा वाहिला, तिने त्या दिवशी पाणी वाहिले. लोकांनी त्या गाडीला हार घातले. ते दृश्य आठवले की आजही डोळे ओलावतात.

आता पुन्हा पेन्सिल हातात घ्या. परळीचे तीन संच पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला साडेसात लाख युनिटे. युनिटमागे साडेतीन लिटर धरले, तर तासाला सव्वीस लाख लिटरांहून अधिक पाणी. लातूरकरांनी ज्या पाच लाख लिटरांना हार घातले, तेवढे पाणी हे संच बारा मिनिटांच्या आत संपवतील. दिवसभराचा हिशेब सहा कोटी तीस लाख लिटरांवर जातो. ग्रामीण माणसाला रोज 55 लिटर, हे शासनाचे प्रमाण धरले, तर अकरा लाख माणसांचे पाणी. आणि 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या सबंध परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेअठरा लाख आहे.

मी हे केंद्राला दोष देण्यासाठी सांगत नाही. तिथले अभियंते आणि कामगार आपलीच मुले आहेत, जळत्या भट्टीशेजारी उभे राहून ती आपल्याला वीज देतात. पण अवर्षणाच्या प्रदेशात पाण्यावर चालणारा उद्योग उभा केला, तर दुष्काळाच्या वर्षी तो आपल्याला पाणीही देत नाही आणि वीजही देत नाही, एवढे तरी 2015 सालाने आपल्याला शिकवले पाहिजे.

उपदेश परक्यांचा, राख आपली

कोळशाचा विषय निघाला की आपल्याकडे एक युक्तिवाद हमखास होतो. मीही तो अनेकदा केला आहे. तो असा, की इंग्लंडने दोनशे वर्षे कोळसा जाळून साम्राज्य उभे केले, अमेरिकेने जाळला, जर्मनीने जाळला. आता त्यांची पोटे भरल्यावर त्यांना हवेची आठवण झाली आणि ते आम्हाला उपदेश करू लागले.

या युक्तिवादात तथ्य नाही, असे कोण म्हणेल? जगातील पहिले सार्वजनिक कोळसा वीज केंद्र 1882 मध्ये लंडनला सुरू झाले आणि ब्रिटनने आपले शेवटचे कोळसा केंद्र बंद केले ते 30 सप्टेंबर 2024 रोजी. एकशे बेचाळीस वर्षे त्यांनी या धुरावर संपत्ती उभी केली. आजही सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, तर सरासरी अमेरिकन माणूस त्याच्या सात पट. जगातला निम्म्याहून अधिक कोळसा एकटा चीन जाळतो. तेव्हा आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारताने ताठ मानेने आपला न्याय्य वाटा मागितला पाहिजे आणि तो मागितलाही आहे. कोट्यवधी घरांत अजून पुरेशी वीज पोहोचायची असताना उद्या सकाळी कोळसा बंद करा, असे म्हणणे शहाणपणाचे नाही.

पण बंधूंनो, या युक्तिवादाच्या आड आपण स्वतःला लपवू लागलो, तर मात्र घोटाळा होतो. ब्रिटनला दिलेले उत्तर दादाहरी वडगावच्या आईला देता येत नाही. तिच्या लेकराला दमा लागला, तर अमेरिकेने किती कोळसा जाळला हे सांगून तो थांबणार नाही. राख लंडनवर पडत नाही. ती आपल्या माणसांच्या ताटात पडते. धूर आपल्याच गोदेच्या खोऱ्यात उतरतो. हा प्रश्न परक्यांच्या उपदेशाचा नाही, आपल्या आपसातल्या ऋणाचा आहे.

आपल्या परंपरेने माणूस जन्मतःच ऋणी मानला. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण तो घेऊन येतो आणि ते फेडल्याशिवाय त्याला मोकळे होता येत नाही. त्या यादीत आज आणखी एक ऋण लिहायला हवे. ज्याच्या शेतावर आपल्या विजेची राख पडते आणि ज्याची विहीर आपल्या कोळशासाठी आटते, त्याचे ऋण. समाज हा एक देह आहे असे आपण म्हणतो. मग त्या देहाच्या एका बोटाला चटका बसला, तर उरलेल्या देहाला तो जाणवायला नको काय?

ऋण फेडायचे कसे?

केवळ हळहळ व्यक्त करून उठलो, तर हे भाषण वाया गेले असे समजा. करता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत.

पहिली गोष्ट राखेची. राख ही घाण नाही, माल आहे. सिमेंटमध्ये ती घालता येते, तिच्या विटा होतात, रस्त्यांच्या भरावात ती जाते. 1999 पासून केंद्र सरकारचे याविषयी नियम आहेत. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर सर्व राख वापरण्याचे बंधन केंद्रांवर घातले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाई ठरवली. केंद्रापासून तीनशे किलोमीटरच्या आतील बांधकामांनी काही अटींसह राख वापरावी, असेही त्यात आहे. राणीसावरगाव त्या परिघात अगदी आत येते. मग आपल्या ग्रामपंचायतीचे सभागृह, शाळेची खोली, घरकुलाच्या भिंती राखेच्या विटांच्या का असू नयेत? जी वीट आपल्या भिंतीत बसेल, तेवढी राख परळीच्या वाऱ्यावर उडणार नाही. शिवाय मातीच्या विटांसाठी काळी माती खरवडणेही तेवढे थांबेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. नागपूर महापालिकेने शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला देण्याचा करार 2008 मध्ये केला. भांडेवाडी येथे त्यासाठी दिवसाला तेरा कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. जे पाणी नाग नदीत घाण होऊन वाहत होते, त्याने वाफ थंड होऊ लागली आणि तेवढे धरणाचे पाणी वाचले. 2016 च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने तर पन्नास किलोमीटरच्या आत सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल, तर वीज केंद्राने तेच पाणी वापरावे असे म्हटले आहे. परळी, अंबाजोगाई, गंगाखेड ही शहरे काही फार दूर नाहीत. या शहरांचे सांडपाणी शुद्ध होऊन परळीला गेले पाहिजे आणि गोदेचे पाणी माणसांसाठी, गुरांसाठी, पिकांसाठी राहिले पाहिजे. ही मागणी कोणत्या एका पक्षाची नाही. ती प्रत्येक नगरपालिकेत आणि प्रत्येक ग्रामसभेत उठली पाहिजे.

तिसरी गोष्ट सूर्याची. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे गाडलेले ऊनच. आपल्या डोक्यावर मात्र रोज ताजे ऊन येते आणि मराठवाड्यात त्याची कमतरता आहे असे कोणी म्हणणार नाही. सौर तावदानाला वाफ थंड करावी लागत नाही. धूळ धुण्यापुरते पाणी मिळाले की त्याचे भागते. धुळे जिल्ह्यात साक्रीला 125 मेगावॅटचा प्रकल्प 2013 मध्येच उभा राहिला. राज्याची सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, घरांच्या छपरांसाठी केंद्राची सूर्यघर योजना 2024 मध्ये आली. 2025 मध्ये देशाच्या एकूण वीजक्षमतेत बिगर-कोळसा, बिगर-तेल स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला. रात्रीच्या विजेचा प्रश्न उरतो, साठवणुकीचा खर्च उरतो, म्हणून कोळसा आणखी काही वर्षे राहणार हे मान्य. पण शेतकऱ्याला वीज हवी असते दिवसा, आणि सूर्य असतो दिवसाच. पौषाच्या थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बारी द्यायला निघालेला आपला शेतकरी, त्याच्या वाटेवरचा साप आणि दारात जागी बसलेली त्याची घरधनीण यांना विचारा, दिवसाच्या विजेचे मोल काय असते ते.

चौथी आणि सर्वांत सोपी गोष्ट आपल्या घरातली. साठ वॅटचा जुना दिवा काढून नऊ वॅटचा लावला की तेवढ्या उजेडासाठी सहापटींहून कमी वीज लागते. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणे, हे यापुढे कंजूषपणाचे नव्हे तर शेजारधर्माचे लक्षण मानू या.

आणि शेवटी तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढच्या महिन्यात सहल काढाल तेव्हा वैद्यनाथाचे दर्शन घ्या आणि तिथून राखेच्या तलावाकाठच्या एखाद्या गावातही जा. हातात फलक नको, घोषणा नकोत. फक्त दोन तास बसा. त्यांच्या ओट्यावर चहा घ्या आणि त्यांना विचारा, तुमचे कसे चालले आहे? आपल्या घरी दिवा लागतो तो त्यांच्यामुळे, हे त्यांना कोणीतरी एकदा तरी सांगायला हवे.

आपले गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. जनी दळू लागली की तिचा विठ्ठल जात्याला हात लावायला येई, अशी आपली श्रद्धा आहे. आज आपल्यासाठी परळीत, चंद्रपुरात, कोराडीत कोळशाचे जाते अहोरात्र फिरते आहे. पीठ आपल्या वाट्याला येते आणि भुसा त्यांच्या. त्या जात्याला आपलाही हात लागला पाहिजे, एवढेच मागणे मागतो आणि आपली रजा घेतो.